खुनाच्या दिवशीची मेथी

ज्या कादंबरीतला गुप्तहेर जेवत नाही, ती कादंबरी मी आजही पुरी करत नाही. माझी नात मला नव्या रहस्यकथा आणून देते, जाडजूड, चकचकीत कव्हरांच्या, आणि मग खुर्चीशी येऊन विचारते, "आजी, कशी होती?" मी म्हणते, "बाई गं, अर्धं पुस्तक झालं, त्या माणसानं चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. उपाशी माणसाला कुठला खुनी सापडतो?" तिला वाटतं म्हातारी थट्टा करते. थट्टा बिलकुल नाही. कादंबरी कशी जोखायची हे मी अकोल्याच्या आमच्या मळ्यात, ओल्या मेथीच्या ढिगाशेजारी बसून शिकले. तिथल्या परीक्षक बायकांपैकी एकीलाही अक्षरओळख नव्हती, पण लेखकाला सोडायची एकीचीही तयारी नसे.

मोर्णा नदीच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीच्या दिवसांत मेथीच मेथी. दिवसभर मोटेची कुरकुर चालायची, तिची आम्हाला इतकी सवय की ती थांबली की माय घरातून ओरडायची, "काय झालं वं?" दुपारी भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन झाला की विहिरीजवळच्या मांडवात बायका गोल बसायच्या. मध्ये कापलेली भाजी ओल्या पोत्यावर पडलेली, आणि प्रत्येकीच्या मांडीजवळ केळीच्या सोपटाच्या भिजवलेल्या पट्ट्या. मूठभर मेथी घ्यायची, मुळं सारखी करायची, पट्टीनं गुंडाळून गाठ मारायची, की झाली जुडी. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आणि माझी माय ह्या जुड्या डालीत भरून बाजारात घेऊन बसत. मी मात्र जुड्या बांधत नसे. मी वाचत असे. माझी चुलतबहीण गंगी ह्यावरून रोज एकदा तरी कुरकुरायची, "हिचे हात काय देवानं पुस्तक धराले दिले, अन माहे मेथी बांधाले?" पण प्रकरण सुरू झालं की तीच म्हणायची, "मोठ्यानं वाच न वं, मोट वाजून राहिली."

पुस्तकं अमरावतीहून येत. माझे मामा तिथं बियाण्यांचा व्यापार करत आणि एका वाचनालयाचे सभासद होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण पहिल्या पानाच्या पुढं त्यांना हमखास झोप लागे. ते बियाणं घेऊन आगगाडीनं अकोल्याला आले की पिशवीत माझ्यासाठी पुस्तकं असत. निवडायची त्यांची रीत सरळ होती. कव्हरावर सुरा असला तर घ्यायचं, बाई असली तर ठेवून द्यायचं, कारण भाचीला वाईट वळण लागू नये. एकदा बाईच्याच हातात सुरा होता, तेव्हा बिचारे काउंटरपाशी बराच वेळ उभे राहिले म्हणे. अशा रीतीनं वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी मी प्रेमापासून दूर राहिले आणि विष, फास, तिजोरी, बनावट दाढ्या यांत चांगली मुरले. सगळ्या पुस्तकांना कांद्याच्या बियांचा वास यायचा. अजूनही तो वास आला की मला कुणीतरी कुणाचा तरी गळा दाबतंय असं वाटतं.

आता त्या पुस्तकांविषयी आमची मतं. एका कादंबरीत गढीपासून नदीपर्यंत भुयार होतं. मोठीमायनं हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "एवढी माती निघाली थे टाकली कुठं? शेजाऱ्याले दिसली नाही?" मी पुढची पानं चाळली. मातीचा हिशेब लेखकानं कुठंच दिला नव्हता. "मंग ठेवून दे," ती म्हणाली आणि ते पुस्तक तिथंच संपलं. दुसऱ्या एकात नायक पोलिसांना चुकवून कापसाच्या ढिगात अख्खी दुपार लपला होता. वऱ्हाडात असलं वाक्य छापायचं म्हणजे धाडसच. सगळ्या बायका एकदम हसल्या. "अन शिंकला नाही? एक बी डाव?" "बाहीर आला त धोतर काळं होतं म्हनते? पांढरं भूत झालं असंन थे!" तिसऱ्या पुस्तकातलं भूत फार शुद्ध बोलायचं, म्हणून माझ्या मायला त्याची भीती वाटेना. ती म्हणे, हे कोनत्या तरी मास्तराचं भूत हाये, याले काय भ्यायचं. आणि एक गुप्तहेर तर ऐन वैशाखात ओव्हरकोट घालून फिरायचा. त्याचं नावच आम्ही कोटवाला ठेवलं होतं. मोटेवरून बाबा ओरडून विचारत, "कोटवाला जित्ता हाये का अजून? का घामानंच मेला?"

पण ह्या वाचनात एक घोटाळा होता, आणि तो बाजारात उघडा पडला. बायकांचे हात मेथीवर असत आणि कान पुस्तकावर. खुनाचं प्रकरण आलं की मुठी आवळल्या जात, गठ्ठा वाढत जाई आणि जुड्या मनगटाएवढ्या होत. कोटवाला एकटाच बसून विचार करू लागला की हात ढिले पडत, जुड्या काडीएवढ्या. गिऱ्हाईकं चक्रावून जायची. शेवटी बाबांनी फर्मान काढलं. दुपारी ते मांडवाशी येऊन विचारत, "आज कोनतं प्रकरण हाये?" मी म्हणे, "खुनाचं." "मंग उद्या वाच. आज बाजाराची भाजी हाये, आज नुसता तपास वाच." आता तुम्हीच सांगा, पुढच्या पानावर माणूस मरायला टेकलेला आणि मी ते पान उलटायचं नाही! मी दोन पानं तपासाची वाचे, आवाज जरा खाली आणे, आणि हळूच खून करून टाके. दुसऱ्या दिवशी जुड्यांवरून बाबांना कळायचंच.

असाच एक खून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुळसाबाई आमच्या डालीपुढं येऊन उभी राहिली. तेल्हाऱ्याकडची बाई, घरी काळीभोर जमीन, अकोल्याला भावाकडं पाहुणी आलेली. जुडी हातात तोलून ती म्हणाली, "काहो बाई, परवा जुडी काडीवानी होती, आज एवढी जाड. काहून?"

मोठीमाय म्हणाली, "काल खून झाला बाई."

तुळसाबाईच्या हातून जुडी पडली. "अगं माय! कोनाचा?"

"इनामदाराच्या भावाचा. पुस्तकात व्हय. आमची पोट्टी वाचून दाखवते, अन मंग हात आयकत नाहीत."

तुळसाबाईनं जुडी उचलली, झटकली, आणि मग जाडी-बारकाई सगळं विसरून विचारलं, "पोरगी कोनाची? लग्नाची हाये का?"

घरी आल्यावर मोठीमायनं हे हसत हसत सांगितलं, पण माय हसली नाही. चार दिवसांत तुळसाबाईचा भाऊ मारोतीभाऊ आमच्या ओट्यावर येऊन सुपारी कातरत बसला. धाकट्या भाच्यासाठी पोरगी पाहायची आहे म्हणाला. मुलगा अकोटला कापसाच्या जिनात हिशेबाला होता, शेती घरची, विहिरी दोन. मायच्या चेहऱ्यावर त्या दोन्ही विहिरी मला दिसल्या. पण मी तेव्हा सातवीत होते. सातवीची परीक्षा त्या काळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात लहान गोष्ट नव्हती, पोरीच्या बाबतीत तर नाहीच. शाळेतल्या बाई घरी येऊन बाबांना सांगून गेल्या होत्या, ही सातवी झाली की अमरावतीला मास्तरणी तयार करणाऱ्या शाळेत पाठवा, मामा आहेतच तिथं. बाबा "पाहू" म्हणाले होते. बाबांचं "पाहू" म्हणजे अर्धं हो असायचं. पण चांगलं ठिकाण चालून आलं की बापाच्या अर्ध्या होचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. परीक्षा होळीनंतर होती आणि तुळसाबाईला लग्न माघातच उरकायचं होतं.

गंगीनं उपाय काढला. ती रहस्यकथा ऐकून ऐकून डोक्यानं फार चालू झाली होती. "पाहाले येतील थे तुले वाचाले लावतीन," ती म्हणाली. "तू अडखळत वाच. रडत-पडत वाच. त्याईले वाटलं पाहिजे का पोट्टी नावाचीच शाळेत जाते. वाचनाऱ्या पोरीसाठी आले, न वाचनारी दिसली का जातीन वापस." बेत मला पटला. तिकडे माय वेगळ्याच तयारीत होती. तिनं माझी सगळी पुस्तकं ज्वारीच्या कोठीमागं कोंबली, घरातली एकुलती पोथी काढून धूळ झटकून पाटावर ठेवली, आणि मला बजावलं, "काय वाचते म्हटलं त पोथी म्हनजो. खुनाचं नाव काढशील त तोंड फोडीन."

पाहुणे दुपारी आले. तुळसाबाई, मारोतीभाऊ आणि त्याची बायको. पोहे झाले, चहा झाला. मी मायचं लुगडं सावरत येऊन बसले. मारोतीभाऊ म्हणाला, "पोरीले जरा चालून दाखवाले सांगा." तुळसाबाई म्हणाली, "आली थे चालतच आली न रे." सुई ओवायला दिली नाही, डाळ निवडायला दिली नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. माय पोथी पुढं सरकवू लागली तर तिनं तिचा हात धरला, आणि आपल्या पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पुस्तक काढलं. फडकं सुटलं. कव्हरावर एक भिंत, खुंट्यांची ओळ आणि शेवटच्या खुंटीवर रक्ताळलेली पगडी. "तेरावी खुंटी". मायनं पदर तोंडाला लावला. बाबा खाली पाहायला लागले. मोठीमाय आतल्या दाराशी होती, तिच्या घशातून "आँ?" असा आवाज आला तो मी ऐकला. पुस्तकाच्या मध्यावर निंबाची एक वाळलेली काडी होती. तुळसाबाईनं तिथं पुस्तक उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "इथून वाच, बाई."

"तेरावी खुंटी" मी आधीच वाचली होती, तीही दोनदा, पण एकटीनं; मांडवात ती अजून आली नव्हती. मोठ्या वाड्यात तेरा खुंट्या, आणि तेराव्या खुंटीवर कुणाची पगडी दिसली की त्या माणसाचा मुडदा पडतो, अशी ती गोष्ट. घरात दोघांवर संशय, एक दिवाणजी आणि दुसरा म्हातारा रावसाहेब, वाड्यातल्या सूनबाईचा सासरा, जो लुळा होऊन पलंगावर पडलेला. काडी होती ते पान त्या पुस्तकातलं सगळ्यात झकास. गुप्तहेर रावसाहेबाच्या खोलीत येतो, बोलता बोलता रुमाल पाडतो, तो उचलायला वाकतो आणि पलंगाखालच्या जोड्याला हात लावतो. लुळ्या माणसाच्या जोड्याचे तळवे ओल्या चिखलानं भरलेले असतात.

मी ठरल्याप्रमाणे सुरू केलं. "गु... गुप्त... गुप्तहेरानं... दा... दार..." एकेका अक्षरावर खड्डा असल्यासारखी मी पडत होते. दाराआडून गंगीनं मान डोलावली. मारोतीभाऊनं जांभई दिली. सगळं छान चाललं होतं. पण तो रुमाल पडायची वेळ आली आणि मला माझीच लाज वाटायला लागली. इतकं चांगलं पान, आणि मी त्याचा जीव घेत होते! पाडायचा तर तो रुमाल नीट पाडावा, एवढंच मनात आलं. मी एक ओळ नीट वाचली. मग दुसरी. मग म्हाताऱ्या रावसाहेबाचा खोकत खोकत बोलायचा आवाज काढला, मांडवात सगळ्या म्हाताऱ्यांचा काढायची तसा. गुप्तहेर वाकला तिथं मीही वाकले, आणि "चिखल! ओला चिखल!" हे इतक्या हळू म्हटलं की मारोतीभाऊ पुढं सरकून कान देऊ लागला. त्याच्या हातातली सुपारी तशीच राहिली. प्रकरण संपलं तेव्हा मला भान आलं. दाराआड गंगीनं कपाळावर हात मारून घेतला होता.

"पोरगी पसंत!" मारोतीभाऊ म्हणाला. "काय वाचते, बाप्पा! मले वाटलं मीच पलंगाखाली हावो."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मायच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. माझ्याही आलं, पण आनंदाचं नव्हे. आपण आपल्याच तोंडानं आपली शाळा घालवली हे मला कळून चुकलं होतं.

तुळसाबाईनं मात्र अजून पसंती दिली नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती. "हे तू आंधी वाचलं हाये न?" तिनं विचारलं. माय मागून खुणा करत होती, पोथी, पोथी. पण आता काय उरलं होतं? मी म्हटलं, "वाचलं."

"शेवट माहीत हाये?"

"हाये. पन चांगला नाही," मी म्हटलं. सवय! तिथंसुद्धा मत दिल्यावाचून राहवलं नाही.

तुळसाबाई पहिल्यांदा हसली, आणि मग ती निंबाची काडी बोटांत फिरवत बोलू लागली. "हे माह्या रुख्मीचं पुस्तक हाये. लेक माही. दुपारी मले वाचून दाखवे. इथवर आलो अन तिचं लगन निघालं. म्या म्हटलं, राहू दे आता, हळद लागाची हाये तुले. तिनं ही काडी ठेवली अन गेली. दिवाळीले आली. म्या म्हटलं, आता सासूचं सांगन, दागिन्याचं सांगन. पाय धुतले अन पहिले काय इचारलं? म्हने, माय, पुढं काय झालं वं? आता मी काय सांगू तिले? मले वाचता येत नाही."

माय म्हणाली, "पन तिनं आपनच वाचून घ्याचं न."

"जावई संगं होता. त्याईच्या घरी बाईच्या हातात पुस्तक चालत नाही. पिशवी बी उघडून पाहातात. धाकट्या पोराले म्हटलं, तू वाच. तो वाचते त खून बी बाजारभावासारखा वाटते. मंग म्या ठरवलं का सून आनीन त वाचनारी आनीन. लय पोरी पाहिल्या. समद्या पोथी वाचतात, हे हातात दिलं का घाबरतात." आणि मग माझ्याकडं वळून, "तुही परीक्षा हाये म्हने?"

"हो. होळी झाल्यावर."

"त्याची काही अडचन नाही," बाबा घाईनं म्हणाले. मला ते घाईचं बोलणं फार लागलं, आजही आठवलं की लागतं.

तुळसाबाईनं काडी होती तिथं परत ठेवली, पुस्तक मिटलं. "भाऊ," ती मारोतीभाऊला म्हणाली, "ही पोरगी आपल्याले नाही जमत."

"काहून? आत्ताच त..."

"हिची बी काडी अर्ध्यातच हाये. एक पोरगी म्या अर्ध्या पुस्तकातून उठवून दिली. आता दुसऱ्याची अर्ध्यातून उठवून आनू? मले नाही होत थे." मग बाबांकडं पाहून म्हणाली, "दादा, पुरं होऊ द्या हिचं. मंग द्या कोनाले द्याची थे."

मायनं रिकाम्या बश्या गोळा केल्या आणि जरा जोरातच आत नेऊन ठेवल्या. बाबा उठून मोटेकडं गेले. पण त्या दिवसानंतर आमच्या घरी माझ्या लग्नाचा विषय सातवी होईपर्यंत निघाला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात मामा मला अमरावतीला घेऊन गेले. मी मास्तरीण झाले ती त्या दुपारी झाले, परीक्षा नंतरची.

तुळसाबाई काही लगेच निघाली नाही. "नाही म्हटलं थे सुनेले म्हटलं," ती म्हणाली, "पुस्तकाले नाही म्हटलं." आम्ही सगळ्या मांडवात गेलो. भाजी पडलीच होती. तिनं पदर खोचला, मेथीची मूठ ओढली आणि मी काडीपासून पुढं वाचायला लागले. उन्हं उतरेपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशीच्या जुड्या आमच्या मळ्याच्या इतिहासात सगळ्यात जाड निघाल्या असतील, आणि बाबांनी एक अक्षर काढलं नाही.

शेवटी खुनी निघाला दिवाणजी. चिखलाचं काय, तर म्हणे दिवाणजीच रावसाहेबाचे जोडे घालून जायचा. झालं! इतका चांगला लबाड सासरा उभा केला, आणि ऐन वेळी त्याला सोडून दिलं. माझं तेव्हाही मत होतं की लेखक भ्याला. मोठीमाय म्हणाली, "एवढं वाचलं अन हे?" तुळसाबाई हातातली जुडी तशीच धरून बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "रुख्मी कवापासून सांगत होती, सासऱ्यानंच केलं म्हनून. म्हातारं सोंग करते म्हने, लुळं नाही. मी संकरातीले तिले सांगीन, सासऱ्यानंच केलं."

"पन पुस्तकात त दिवानजी हाये," गंगी म्हणाली.

"असंन पुस्तकात." तुळसाबाईनं गाठ मारली आणि जुडी ढिगावर टाकली. "त्या घरी माह्या पोरीचं कोनी खरं मानत नाही. एक गोष्ट त तिच्या म्हनन्यावानी होऊ दे."

मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून "तेरावी खुंटी" शोधून काढली. एका बैठकीत वाचली आणि मोठ्या विजयानं माझ्याकडं आली. "आजी, तू तर आयुष्यभर सांगत आलीस की खून रावसाहेबानं केला. इथं तर दिवाणजी आहे!"

मी चष्मा लावला, शेवटचं पान पाहिलं आणि पुस्तक तिला परत दिलं. म्हटलं, "छापणाऱ्याची चूक आहे ती. खून सासऱ्यानंच केला."